जुनी पेट्रोल गाडी उन्हात तापली की बंद, थंडावली की चालू: खरं कारण कसं शोधायचं

होळी झाली की ही तक्रार सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होणारी मारुती 800 किंवा ओम्नी दुपारी तालुक्याला जाते, बँकेपुढे नाहीतर कृषी केंद्रापुढे अर्धा तास उन्हात उभी राहते आणि परत निघाल्यावर गावाबाहेर आली न आली की झटके मारायला लागते. एक्सिलेटर दाबला तर आणखी गुदमरते आणि बंद पडते. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मग तासाभरानं, निंबाच्या सावलीत ढकलून ठेवलेली तीच गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत दुखणं गायब झालेलं असतं. तो अंदाजानं कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडून साफ करतो, प्लग बदलतो, आणि आठवडाभरानं पुन्हा तेच.

"उन्हानं होऊन राहिलं भाऊ, जुनी गाडी आहे, ऊन उतरलं की बरी होते," असं उत्तर बहुतेकांना मिळतं. मला ते पटत नाही. गाडी नवी होती तेव्हाही चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातच होता, आणि त्या उन्हात ती लग्नाची माणसं भरून धावत होती. ऊन तेच आहे आणि गाडी थांबते, म्हणजे गाडीत काहीतरी बदललंय. कुठली तरी नळी कडक झाली, एखादं पॅकिंग मिस्त्रीनं फेकून दिलं, टाकीचं झाकण डुप्लिकेट आलं, रेडिएटर बुजला. शिवाय टाकीतलं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. या बदलांचा माग काढला तर बहुतेक गाड्या कार्बोरेटर न बदलता, थोड्या पैशात आणि कायमच्या बऱ्या होतात.

खाली लिहिलंय ते मुख्यतः कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी: इंजेक्शन (पेट्रोल दाबानं फवारून देण्याची पद्धत) येण्याआधीची मारुती 800, जुनी ओम्नी, जिप्सी, प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलची अॅम्बेसेडर. इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांबद्दल शेवटी थोडं आहे.

पेट्रोल उकळतं कुठे

पाणी 100 अंशांना उकळतं, तसा पेट्रोलचा एकच आकडा नसतो. ते पुष्कळ घटकांचं मिश्रण आहे. सगळ्यात हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात, जड घटकांना 200 अंशांपर्यंत जावं लागतं. बाहेर 45 अंश असताना बोनेटखाली 70-80 अंश सहज होतात. म्हणजे उन्हाळ्यात थोडी वाफ रोजच होत असते. ती वाफ पंपाला पेलवते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

या गाड्यांचा पंप इंजिनला बोल्टनं कसलेला असतो आणि कॅमच्या, म्हणजे इंजिनमधल्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याच्या, धक्क्यावर चालतो. जुने मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो आणि पुढे कार्बोरेटरला ढकलतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की कुठलाही द्रव लवकर उकळतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची ओढणारी बाजू ही सगळ्यात नाजूक जागा आहे. जाळीत कचरा असेल, नळी कुठे दबली असेल, तर पंपाला जास्त जोर लावून ओढावं लागतं, दाब आणखी पडतो आणि पेट्रोल आणखी लवकर वाफ होतं. मग पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, खालीवर होत राहतो, पण आतली वाफ नुसती दबते आणि फुगते. पेट्रोल पुढे सरकत नाही. कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्यातला पेट्रोलचा छोटा साठा, रिकामी होते आणि गाडी थांबते. यालाच आपल्याकडे 'एअर पकडली' म्हणतात.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना जुन्या गाड्या का थांबतात, तेही यातूनच कळतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1100 मीटरच्या आसपास आहे. चढताना हवेचा दाब कमी होत जातो, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिन तापलेलं असतं आणि बोनेटखाली वारा शिरत नाही. चारही गोष्टी एकाच बाजूला.

सरळ रस्त्यावर 60 च्या वेगानं नीट धावणारी गाडी रेल्वे फाटकावर उभी राहिल्यावर बंद का पडते, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. धावताना पेट्रोल नळीतून भराभर जातं, त्याला तापायला वेळ मिळत नाही आणि वारा लागत असतो. आयडलिंगवर तेच पेट्रोल नळीत रेंगाळतं.

गाडी बंद केल्यावर दुसरी एक गोष्ट घडते, आणि तिची गल्लत या 'एअर'शी नेहमी होते. इंजिन थांबलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळांची, धग वर येतच राहते. पहिली 15-20 मिनिटं बोनेटखालचं तापमान उलट वाढतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनकडे जाणाऱ्या दुसऱ्या, आत नेणाऱ्या (इनटेक) मॅनिफोल्डमध्ये सांडतं. अशी गाडी चालू होत नाही ती पेट्रोल कमी पडलं म्हणून नाही, जास्त झालं म्हणून. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून आधी ओळख पटवायला हवी.

बंद पडली त्याच जागी करायची तपासणी

थंड झाल्यावर काहीच सापडत नाही. जे बघायचं ते बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. त्याआधी गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण घ्या आणि म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर त्यांना उतरवून सावलीत बसवा, पाणी द्या. नवतप्यात बंद गाडीच्या आत बसणं गाडीच्या कुठल्याही बिघाडापेक्षा घातक आहे. कोणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर गाडी सोडून आधी 108 ला फोन करा.

बंद कशी पडली ते आठवा. झटके मारत, दम तोडत पडली असेल तर पेट्रोलकडे संशय जातो. चालता चालता किल्ली फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली असेल तर करंट गेला असण्याची शक्यता जास्त. ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल आणि डेल्कोतला (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) कंडेन्सर हे दोन्ही तापल्यावर दगा देतात आणि थंडावल्यावर पुन्हा काम करतात, हुबेहूब पेट्रोलच्या बिघाडासारखे. कार्बोरेटर तीन-तीनदा साफ झालेली गाडी शेवटी कंडेन्सरवर येऊन बरी होते, हे मिस्त्री लोकांना विचारा, ते सांगतील.

मग बोनेट (ओम्नीत इंजिनवरची पुढची सीट) उघडा आणि वास घ्या. पेट्रोलचा घमघमाट असेल तर सांडलंय. अशा वेळी सेल्फ मारू नका, कुठे गळतंय का ते आधी नीट बघा. गळती नसेल, तर बोनेट उघडं ठेवून दहा मिनिटं थांबा. नंतर एक्सिलेटर पूर्ण दाबून धरा, पंप केल्यासारखा खालीवर करू नका, चोक अजिबात ओढू नका आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त एका वेळी सेल्फ मारू नका. जास्तीचं पेट्रोल बाहेर फेकलं गेलं की थोडी धडधडत का होईना गाडी चालू होते.

वास नसेल तर एअर क्लीनरचं झाकण काढा. इंजिन बंद, किल्ली बंद. कार्बोरेटरच्या तोंडात बघत हातानं एक्सिलेटरची तार एकदा झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग पंपाचा नाद सोडा आणि करंटकडे वळा. पिचकारी नाही आली तर वाटी कोरडी आहे. काही कार्बोरेटरच्या वाटीला बाहेरून काच असते, तिथे पातळी सरळ दिसते. तोंडात डोकावताना विडी-सिगारेट दूर, आणि त्या वेळी दुसऱ्या कोणी सेल्फ मारायचा नाही.

वाटी कोरडी निघाली तर मागे जाऊन टाकीचं झाकण उघडा. कान देऊन ऐका. उन्हाळ्यात टाकीतून वाफ बाहेर फसफसणं साधारण आहे. पण हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल कमी होत जातं तशी त्याजागी हवा आत यायला हवी. ती येत नसेल तर पंपाला पोकळीशी झगडावं लागतं. पांदणीच्या फुफाट्यात चालणाऱ्या गाड्यांमध्ये हे भोक मातीनं बुजतं, आणि बाजारातल्या काही डुप्लिकेट झाकणांना ते नसतंच. झाकण बदललं की वर्षानुवर्षांची कटकट संपते, म्हणून पंपाला हात लावायच्या आधी मी सगळ्यांना झाकण बघायला सांगतो.

ओढणारी बाजू: इथेच बहुतेक उत्तर असतं

ढकलणाऱ्या बाजूची नळी फुटली तर पेट्रोल गळतं, वास येतो, डाग दिसतो. ओढणाऱ्या बाजूच्या नळीला बारीक चीर गेली तर बाहेर काहीच दिसत नाही. पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. थंडीत एवढीशी हवा पंप सांभाळून घेतो. मे महिन्यात तिच्यात वाफेची भर पडली की त्याचा जोर संपतो. म्हणून हिवाळ्यात गाडी उत्तम, उन्हाळ्यात बंद.

टाकीच्या तोंडाशी एक रबरी तुकडा असतो, तिथून गाडीखालून लोखंडी नळी पुढे येते आणि इंजिनजवळ पुन्हा रबरी नळी लागते. मिस्त्री नेहमी पुढचा तुकडा बदलतात, कारण तो दिसतो. मागचा, टाकीजवळचा, गाडी घेतल्यापासूनचाच असतो. तो वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा बोटांनी दाबल्यावर लाकडासारखा लागला, तर बदला. जास्त मऊ, फुगलेला, चिकट लागला तरी बदला. अशी नळी आतून सोलते, आतला पापुद्रा झडपेसारखा आडवा येतो आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते.

नवी नळी घेताना पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी लावू नका, कितीही जाड असली तरी. नळीवर एसएई जे30आर7 असं छापलेलं असेल तर ती पेट्रोलसाठी आहे. जे30आर9 मिळाली तर उत्तम, तिच्या आत फ्लोरो रबराचा थर असतो आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती टिकते. तालुक्याच्या दुकानात नसेल तर नागपूर-अमरावतीहून मागवा. सगळे तुकडे मिळून दोन-अडीच मीटर नळी पुष्कळ होते. तारेनं पिळून बांधणं बंद करून गोल क्लिपा लावा. तार नळीला एकाच रेषेत कापते, आणि तिथूनच हवा शिरते.

फिल्टर प्रत्येक उन्हाळ्याच्या तोंडावर बदला. तो शंभर-दोनशे रुपयांच्या आतबाहेरचा खर्च आहे. आणि तो कुठे बसवलाय ते बघा. पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर पुष्कळ गाड्यांत सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या अगदी वर लोंबकळत असतो, कारण बसवणाऱ्याला तिथे हात पोचायला सोपा गेला. हा फिल्टर म्हणजे पेट्रोल उकळायची डबी. त्यात बुडबुडे उठताना डोळ्यांनी दिसतात. थोडी जागा रिकामी दिसणं साधारण असलं तरी सतत बुडबुडे येत असतील तर एकतर मागून हवा शिरतेय किंवा तिथेच उकळतंय. फिल्टर इंजिनच्या थंड बाजूला सरकवा.

पंपाला तीन नळ्या असतील तर त्यातली एक टाकीकडे परत जाणारी असते. तिचं काम मोठं आहे. तिच्यातून वाफ आणि जास्तीचं गरम पेट्रोल टाकीत परत जातं आणि थंड पेट्रोल फिरत राहतं. ती नळी काढून बोल्टनं बुच मारलेलं आढळलं तर आधी ती पूर्ववत जोडा. टाकीच्या बाजूनं ती मातीनं बुजलेली नाही ना, हेही बघून घ्या.

बोनेटखालची धग

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये, तसंच कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये, बेकलाइटसारख्या कडक पदार्थाची जाड पॅकिंग येते. ती उष्णता अडवायला असते. ती तडकली की बरेच जण पातळ कागदी पॅकिंग आणि सिलिकॉन लावून मोकळे होतात. गळती थांबते, पण आता इंजिनचं लोखंड सरळ पंपाला तापवतं. शिवाय पंपाखालच्या पॅकिंगची जाडी बदलली की त्याच्या दांड्याचा धक्काही बदलतो आणि पंप कमी किंवा जास्त उचलतो. ती मूळ जाडीचीच हवी. भंगारच्या दुकानात जुन्या गाडीची शाबूत मिळाली तरी चालते.

पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून निदान चार बोटं लांब जायला हवी. मधे अॅल्युमिनियमचा पत्रा लावला तर उत्तम, मात्र तो नळीला आणि मॅनिफोल्डला दोघांनाही न टेकता, दोन्हीकडे मोकळी हवा ठेवून बसवा. टेकलेला पत्रा उष्णता अडवत नाही, पोचवतो.

इंजिन मुळातच जास्त तापत असेल तर वरचं सगळं अपुरं पडतं. आपल्याकडे कापूस वेचणीपासून तूर-हरभऱ्याच्या मळणीपर्यंत हवेत जे उडतं, ते सगळं रेडिएटरच्या पात्यांत बसतं. मळणीनंतर रेडिएटर आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूनं पुढे, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. जोराचा फवारा पाती वाकवतो. आत बोअरचं पाणी भरू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात तर अजिबात नाही. ते क्षार आत थर धरून बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. फॅन बेल्ट सैल आहे का, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का, हे दोन मिनिटांत बघून होतं. आणि ठिणगीचं टायमिंग उशिरावर असेल तर सायलेन्सरचा मॅनिफोल्ड लाल होईस्तोवर तापतो, हे विसरलं जातं. टायमिंग लाइटवाल्या मिस्त्रीकडे एकदा तपासून घ्या.

पेट्रोल बदललंय

10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2022 मध्ये देशभर पोचलं आणि 2025 पर्यंत ते 20 टक्क्यांवर गेलं. ई20 ला टिकतील असे भाग गाड्यांत एप्रिल 2023 पासून येऊ लागले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबराला ही ओळखच नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा सुकवतं, पंपाच्या डायफ्रामवर आणि वाटीच्या पॅकिंगवर परिणाम करतं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकटा आणि गंजही ते सैल करतं, आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून फिल्टर आता पूर्वीपेक्षा लवकर बुजतो.

स्वतः इथेनॉल 78 अंशांना उकळतं, त्यामुळे ते वाफ कमी करेल असं वाटतं. पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब उलट वाढतो, म्हणजे वाफ आणखी सहज होते.

आणखी एक: एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला 9 किलोच. कार्बोरेटरला टाकीत काय भरलंय ते कळत नाही, तो जुन्याच मापानं देतो. मिश्रण पातळ होतं, गाडी तापल्यावर जोर कमी लागतो, आयडलिंग डळमळतं. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून हे सुधारतं, पण ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या आणि बाकी सगळं तपासून झाल्यावरच. ड्रिलनं जेटचं भोक मोठं करणाऱ्याला गाडी देऊ नका.

गावातल्या दुकानात किंवा टपरीवर बाटलीत मिळणारं पेट्रोल शक्यतो टाळा. उन्हात ठेवलेल्या बाटलीतले हलके घटक उडून गेलेले असतात, पाणी शिरलेलं असू शकतं आणि भेसळीची शंका तर आहेच. गर्दी असलेल्या पंपावर भरा, तिथला साठा लवकर फिरतो. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, ती सोय पंपावर असावीच लागते. एक थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं.

उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, असा संदेश दरवर्षी फिरतो. इंडियन ऑइलच्या नावानं फिरणारा तो मजकूर आपला नसल्याचं त्या कंपनीनंच जाहीर केलंय. पेट्रोल तापल्यावर फुगतं हे खरं. 28 लिटरची टाकी 20 अंशांनी तापली तर अर्धा लिटरभर वाढ होते. म्हणून नोझल आपोआप बंद पडल्यावर आणखी गळ्यापर्यंत भरू नका, एवढंच. उलट उन्हाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर असलेली बरी. जास्त पेट्रोल तापायला जास्त वेळ लागतो.

ओलं फडकं

पद्मिनी-अॅम्बेसेडरच्या काळापासून ड्रायव्हर लोक पंपाला ओलं फडकं गुंडाळत आले आहेत. हा उपाय खरा आहे आणि त्यामागे शास्त्र आहे. आपल्या घरातला कूलर कोरड्या उन्हात जसा गारवा देतो, तसंच हे फडकं पंपाची उष्णता घेऊन वाळतं. म्हणूनच ते एप्रिल-मे महिन्यात उत्तम चालतं आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर, दमट उकाड्यात, फारसं उपयोगी पडत नाही. सुती कापड घ्या, दुपट्ट्याचा तुकडा चालतो. ओलं करून पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या नळीवर ठेवा, पाण्याचे थेंब वरून देत रहा. फॅन बेल्टमध्ये अडकेल असं टोक लोंबकळू देऊ नका, कॉइल आणि डेल्कोवर पाणी जाऊ देऊ नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर किंवा इंजिनच्या हेडवर बाटलीनं पाणी ओतणं हा वेगळा प्रकार आहे. त्यानं बीड तडकतं आणि मग खर्च हजारांत जातो. रेडिएटरचं झाकणही गरम असताना उघडायचं नाही.

कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतून गाडी चालू करायची सवय काही जणांना आहे. तापलेल्या इंजिनवर, विशेषतः मागे फटाका फुटण्याची खोड असलेल्या गाडीवर, हे करू नका. आग लागली तर शेतातल्या रस्त्यावर विझवायला काही नसतं. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणंही थांबवा. ते फुप्फुसात गेलं तर माणसाच्या जिवावर बेततं.

फडकं तुम्हाला घरी पोचवतं. मात्र रोजच ते बांधून निघावं लागत असेल तर वर सांगितलेल्या नळ्या, झाकण, फिल्टर आणि पॅकिंग यांपैकी काहीतरी राहिलंय. पैसे थोडे असतील तर मी झाकण आणि फिल्टरपासून सुरू करीन, मग टाकीजवळची नळी, मग बाकीच्या नळ्या आणि क्लिपा, नंतर पॅकिंग. पंप त्यानंतर, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. पंपाच्या बुडाशी असलेल्या छोट्या भोकातून पेट्रोल किंवा ऑइल टिपकत असेल तर मात्र डायफ्राम फाटलाय, तिथे वाट बघू नका. ते पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्येही उतरतं. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदलावं लागेल.

उन्हात थोडा वेळ थांबायचं असेल तर गाडी एकदम बंद न करता मिनिटभर आयडलिंगवर राहू द्या, मग बंद करा आणि जमेल तिथे बोनेट थोडं उघडं ठेवा. तोंड वाऱ्याच्या दिशेला. लग्नसराईत मांडवापाशी गाडी उन्हात उभी असते तिथे याचा फरक चांगला जाणवतो.

इलेक्ट्रिक पंप, आणि इंजेक्शनच्या गाड्या

सगळं करूनही घाटात गाडी थांबते, आणि तुमचं येणं-जाणं चिखलदरा-धारणीकडेच असतं, तर टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवणं योग्य आहे. तो ओढत नाही, मागून ढकलतो. नळीत दाब राहतो आणि पेट्रोल सहजी उकळत नाही. पण कार्बोरेटरसाठीचा, साधारण 2 ते 4 पीएसआय दाबाचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप याच्या दहा-पंधरा पट दाब देतो. तो लावला तर कार्बोरेटरच्या वाटीचा नीडल व्हॉल्व्ह (वाटी भरली की पेट्रोल रोखणारी झडप) पेट्रोल अडवू शकत नाही आणि सगळं इंजिनवर सांडतं. वायर फ्यूजमधून घ्या आणि इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबेल असा ऑइल प्रेशरवर चालणारा स्विच लावून घ्या. अपघातात गाडी उलटली आणि पंप चालूच राहिला, असं व्हायला नको.

2000 नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच बुडालेला असतो आणि नळीत 3 बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे वाफ धरण्याचा त्रास क्वचितच होतो. त्या तापून बंद पडल्या तर पंप थकलाय का ते बघायचं. या पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं, म्हणून टाकी पाव भागाच्या खाली नेऊन उन्हात लांबचा पल्ला मारू नका. गाडी बंद पडल्यावर किल्ली चालू करून मागच्या सीटजवळ कान द्या. दोन सेकंदांची घरघर ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. पंप बदलावाच लागला तर त्याच्या तळाची जाळीही त्याच वेळी बदला, कारण जुन्या जाळीतला कचरा नव्या पंपालाही तेवढ्याच जोरानं ओढायला लावतो.